निळ्याची लबाडी

फोटोकॅटॅलिसिसच्या कुठल्याही परिषदेत पोस्टरच्या दालनात शिरा, एक फोटो हमखास दिसणार. ओळीनं मांडलेल्या काचेच्या कुप्या. पहिलीत गडद निळं पाणी, पुढच्या कुपीत जरा फिकं, त्यापुढे आकाशी, आणि शेवटच्या कुपीत नितळ. खाली मिनिटं लिहिलेली. शेजारी उतरत गेलेला आलेख आणि ठळक अक्षरांत नव्वदच्या पुढचा कुठलातरी टक्का. पोस्टर पुण्याचं असो, चेन्नईचं असो की बीजिंगचं, फोटो तोच.

या क्षेत्रात थोडी वर्षं काढलेली माणसं तो फोटो पाहून माना डोलावतात, ‘छान काम’ म्हणतात, आणि चहाच्या टेबलाशी गेल्यावर एकमेकांना हळूच विचारतात, ‘बुडाशी बसलेली पावडर कुठल्या रंगाची होती?’ पोस्टरवर त्याचं उत्तर नसतं. पुढे जे लिहिलं आहे ते बहुतेक त्या चहाच्या टेबलाजवळचंच आहे.

आधी मूळ खेळ काय तो थोडक्यात. टायटेनियम, जस्त, टंगस्टन, लोह अशा काही धातूंची ऑक्साइडं अर्धवाहक असतात. पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की त्यांच्यातला इलेक्ट्रॉन वरच्या पट्ट्यात उडी मारतो आणि खाली रिकामी जागा राहते, तिला ‘होल’ म्हणतात. दोघं एकमेकांना पुन्हा भेटले की खेळ खलास, आणि बहुतेक वेळा तेच होतं. पण काही होल कणाच्या पृष्ठभागापर्यंत पोचतात, तिथल्या पाण्याकडून इलेक्ट्रॉन हिसकावतात आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल जन्माला येतो. हा रॅडिकल समोर येईल त्या सेंद्रिय रेणूचे लचके तोडतो. वर गेलेला इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनच्या गळ्यात पडतो. हे सगळं पृष्ठभागावर चालतं, म्हणून कण नॅनोमीटरमध्ये मोजण्याइतके बारीक हवेत. बाजारात मिळणाऱ्या नावाजलेल्या पावडरीच्या एका ग्रॅममध्ये छोट्या फ्लॅटच्या फरशीएवढा, म्हणजे सुमारे ५० चौरस मीटर पृष्ठभाग असतो.

हे ज्ञान पाणी साफ करण्याच्या उदात्त हेतूनं जन्मलं असं प्रत्येक प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात वाटतं. खरं तर ते चित्रकार आणि रंगाऱ्यांच्या कटकटीतून आलं. म्युनिकचे अलेक्झांडर आयब्नर हे चित्रकारांच्या रंगांचे रसायनतज्ज्ञ. प्रशियन ब्लू झिंक व्हाइटमध्ये मिसळून उन्हात ठेवला की निळा फिका पडतो, असं त्यांनी १९११ मध्ये नोंदवलं. पुढे झिंकच्या जोडीला टायटेनियमचा पांढरा रंग आला. जास्त शुभ्र, जास्त झाकणारा. फक्त उन्हापावसातल्या भिंतीवर काही काळानं खडू घासल्यासारखी भुकटी सुटू लागली. हात लावला की हात पांढरा. रंगातला पांढरा कण ऊन खाऊन स्वतःभोवतीचं तेल आणि राळ जाळत होता. राळ गेली की कण मोकळा, आणि भिंत उघडी.

याचा नीट तपास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात झाला. चार्ल्स गुडीव्ह आणि जे. ए. किचनर यांनी १९३८ मध्ये ‘क्लोराझोल स्काय ब्लू’ नावाचा रंग टायटेनियम डायऑक्साइडच्या पावडरीवर बसवला, त्यावर अतिनील प्रकाश सोडला आणि निळेपणा किती वेगानं उतरतो ते मोजलं. रंग गेला, पावडर जशीच्या तशी राहिली. आज जगभरातल्या प्रयोगशाळांत रोज जो प्रयोग होतो, त्याचा आद्य अवतार हाच. तेव्हा हेतू मात्र उलटा होता: हे थांबवायचं कसं?

गुडीव्ह गृहस्थ मोठे अचाट. मूळचे कॅनडाचे, ब्रिटिश नौदलाच्या राखीव दलात. पुढच्याच वर्षी युद्ध सुरू झालं आणि जर्मनांच्या चुंबकीय सुरुंगांनी ब्रिटिश जहाजं बुडायला लागली. जहाजांचं चुंबकत्व उतरवण्याच्या कामात गुडीव्ह पुढे होते. नंतर चित्रविचित्र शस्त्रं शोधणारा नौदलाचा एक विभाग त्यांनी उभा केला. त्याला नौदलातच ‘व्हीझर्स अँड डॉजर्स’ असं थट्टेचं नाव पडलं होतं. त्याच विभागातून रॉकेटं बांधलेलं एक अजस्र चाक निघालं. किनाऱ्यावर चाचणी घेतली तेव्हा ते मनाला येईल त्या दिशेला धावत सुटलं. फोटोकॅटॅलिसिसच्या इतिहासाची पहिली दोन-तीन पानं लिहिणारा माणूस दुसऱ्याच कारणांसाठी ‘सर’ झाला.

रंगवाल्यांनी मग आपला उपाय काढला. टायटेनियमच्या कणावर सिलिका आणि ॲल्युमिनाचं पातळ कवच चढवायचं, बाहेरच्या भिंतीसाठी त्याच्या ॲनाटेझ या स्फटिकरूपाऐवजी रूटाइल हे कमी उपद्रवी रूप घ्यायचं. आपल्या घराच्या भिंतीवरचं टायटेनियम असं मुद्दाम निष्प्रभ केलेलं असतं, सनस्क्रीनमधलंही. एक अख्खा उद्योग जो गुण दाबण्यासाठी पैसे मोजतो, तोच गुण फुलवण्यावर आमच्या सगळ्यांच्या पीएचड्या झाल्या. आणि दोघांचं मूळ एकच खनिज, इल्मेनाइट. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वाळूत जे काळे पट्टे दिसतात, त्यात ते भरपूर आहे.

आता टोकियो. १९६७. होंडा केनिची यांच्या प्रयोगशाळेत फुजिशिमा अकिरा हा विद्यार्थी अर्धवाहकांची विद्युत-अग्रं पाण्यात बुडवून त्यांवर प्रकाश टाकत होता. झिंक ऑक्साइडसारखी अग्रं प्रकाशात स्वतःच विरघळतात, हे तोवर माहीत झालं होतं. त्यानं रूटाइलचा एकसंध स्फटिक घेतला. दिवा लावला की बुडबुडे, दिवा बंद की बुडबुडे बंद. स्फटिक बाहेर काढून पाहिला तर त्याच्यावर ओरखडाही नाही. बुडबुडे ऑक्सिजनचे होते. तारेनं जोडलेल्या प्लॅटिनमवर हायड्रोजन सुटत होता. म्हणजे विरघळणारा कोणी नव्हता, पाणीच फुटत होतं.

आज या शोधाला होंडा-फुजिशिमा परिणाम म्हणतात आणि प्रत्येक व्याख्यानाची पहिली स्लाइड त्याची असते. त्या वेळी जपानमधल्या परिषदांत तरुण फुजिशिमांना ज्येष्ठांनी चांगलंच उभं-आडवं घेतलं होतं. एवढ्या कमी व्होल्टेजला पाणी फुटतं, हे विद्युत-रसायनवाल्यांच्या पचनी पडेना. १९७२ मध्ये ‘नेचर’मध्ये दोन पानांचा लेख आला, १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले, आणि १ जानेवारी १९७४ च्या ‘असाही शिंबुन’च्या पहिल्या पानावर टायटेनियम झळकलं. पाण्यातून इंधन! शास्त्र तेच होतं. बदलला होता तेलाचा भाव.

मग फुजिशिमांनी टायटेनियम धातूचे पत्रे ज्वाळेवर भाजून त्यांच्यावर ऑक्साइडचा थर चढवला आणि उन्हात मांडले. उन्हाळ्यातल्या स्वच्छ दिवशी एका चौरस मीटरमागे सुमारे ७ लिटर हायड्रोजन मिळाला. ७ लिटर ऐकायला बरं वाटतं. वजन केलं तर पाऊण ग्रॅमही भरत नाही.

तोवर अमेरिकेत, ऑस्टिनला, फ्रँक आणि बार्ड यांनी १९७७ मध्ये टायटेनियमच्या पावडरीनं पाण्यातलं सायनाइड नष्ट करून दाखवलं आणि लोकांचा मोर्चा हायड्रोजनकडून सांडपाण्याकडे वळला. पुढची गोष्ट मात्र पोस्टरवाल्यांना फारशी आवडत नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीस हाशिमोतो काझुहितो फुजिशिमांच्या प्रयोगशाळेत आले आणि त्यांनी साधा हिशेब मांडला. उन्हात अतिनील प्रकाश मुळात थोडा. टाकीभर पाण्यातली घाण त्याच्या मानानं अफाट. मग प्रकाश थोडा असला तरी चालेल इतकी थोडी घाण कुठे असते? पृष्ठभागावर. संडासातला पिवळा डाग. टाइलवर बसलेला तेलकट थर. रुग्णालयातल्या भिंतीवरचे जंतू. टोटो या संडास-बेसिनं बनवणाऱ्या कंपनीबरोबर काम सुरू झालं आणि टायटेनियमचा पारदर्शक लेप दिलेल्या टाइल्स निघाल्या. अशा पृष्ठभागावर प्रकाश पडला की पाण्याचे थेंब बसत नाहीत, पाणी पसरून जातं, हेही १९९५ च्या सुमारास तिथेच लक्षात आलं. काही गाड्यांच्या बाजूच्या आरशांवर तोच लेप असतो. ज्यांनी हे शास्त्र उभं केलं ते पाण्याची टाकी सोडून भिंतीकडे गेले. आम्ही उरलेले सगळे टाकीपाशीच उभे आहोत.

हिशेब स्वतः करून पाहण्यासारखा आहे. भर दुपारी एका चौरस मीटरवर अतिनील प्रकाश समजा ३० वॅट पडतो. तासाभरात झाले साधारण एक तृतीयांश मोल फोटॉन. त्यातला शंभरातला एक कामी आला असं धरू. हेही उदार मन करूनच. मेथिलीन ब्लूचा एक रेणू पार कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापर्यंत जाळायचा तर शंभराच्या आसपास इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण लागते. भागाकार केला तर तासाला, चौरस मीटरमागे, दहाएक मिलिग्रॅम रंग पूर्ण जळतो. प्रयोगशाळेत आम्ही जे द्रावण वापरतो त्यात लिटरला १० मिलिग्रॅम रंग असतो. म्हणजे तासाभराच्या कडक उन्हात, एका चौरस मीटरवर, एक लिटर. कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसचं सांडपाणी दिवसाला लाखो लिटर असतं, आणि त्यात रंग याच्या कितीतरी पट.

मग पोस्टरवरच्या कुप्या तासा-दीड तासात नितळ कशा होतात? इथून पुढे मेथिलीन ब्लूची लबाडी.

२००१ मध्ये टोयोटाच्या संशोधन केंद्रातल्या असाही र्‍योजी आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये लिहिलं की टायटेनियम डायऑक्साइडमध्ये थोडा नायट्रोजन घातला तर ते दृश्य प्रकाशातही काम करतं. पावडर पिवळसर होते. उन्हात अतिनीलचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के. बाकी सगळा प्रकाश हाती लागणार असेल तर कोण गप्प बसेल? जगभर पावडरींत काहीतरी मिसळण्याची लाट आली. आवर्त सारणीतलं किरणोत्सारी सोडून फारसं काही सुटलं नाही. आणि जवळपास प्रत्येकाची कसोटी तीच: निळं पाणी नितळ होतं का?

निळं पाणी म्हणजे मेथिलीन ब्लू, कारण ते स्वस्त आहे. १८७६ मध्ये हाइनरिश कारो यांनी बनवलेला हा रंग प्रत्येक महाविद्यालयात जीवशास्त्राच्या कपाटात सापडतो. ६६४ नॅनोमीटरला त्याचा ठसठशीत शोषण-पट्टा आहे, जुनापुराणा स्पेक्ट्रोफोटोमीटरही तो बिनचूक दाखवतो. दुसरा कुठलाही प्रदूषक मोजायचा तर क्रोमॅटोग्राफ लागतो, आणि त्यासाठी रांग लागते. निळा रंग डोळ्यांनी दिसतो. मार्गदर्शकाच्या टेबलावर कुपी नेऊन ठेवली की काम झालं.

पहिली लबाडी चिकटण्याची. मेथिलीन ब्लू धनभारित रेणू. पाणी जरा अल्कधर्मी असलं की टायटेनियमचा पृष्ठभाग ऋणभारित होतो आणि रंग त्याला जाऊन बिलगतो. पाण्यातून गेला, पावडरीवर बसला. म्हणून दिवा लावण्याआधी अर्धा तास अंधारात ढवळायचा रिवाज आहे. किती चिकटलं ते आधी कळावं आणि वजा करावं. वजाबाकी करायची की नाही हे मात्र बऱ्याचदा टक्का किती हवा यावर ठरतं. खातरजमा करायला यंत्र लागत नाही. सेंट्रिफ्यूजमधून नळी काढली की वरचं पाणी बघू नका, बूड बघा. गोळा पांढरा असेल तर रंग जळला. निळसर असेल तर रंग तिथेच आहे, फक्त जागा बदलून. सिरिंज फिल्टर वापरला असेल तर त्याचीही चकती उघडून बघावी. पुष्कळदा पहिल्या थेंबांतला रंग तीच पिऊन बसलेली असते.

दुसरी लबाडी जास्त गमतीची. ऑक्सिजन कमी पडला तर मेथिलीन ब्लूचं ज्वलन न होता त्याला दोन इलेक्ट्रॉन मिळतात आणि त्याचं ‘ल्यूको’ रूप तयार होतं. ते बिनरंगी असतं. रेणू जिवंत, फक्त रंग लपवून बसलेला. हवा लागली की पुन्हा निळा. अँड्र्यू मिल्स आणि वांग यांनी १९९९ मध्ये याच संशयावर एक लेख लिहिला आणि मथळ्यातच ‘संदिग्ध प्रणाली?’ असा सवाल टाकला. आमच्या वर्तुळात एका तोंडी परीक्षेचा किस्सा सांगतात. विद्यार्थ्यानं नितळ कुपी अभिमानानं पुढे केली. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर. ते म्हणाले, ‘बूच काढा, पुन्हा लावा आणि जरा जोरात हलवा.’ विद्यार्थ्यानं हलवली. कुपीत फिकट आकाशी रंग चढला. ‘राहू दे,’ परीक्षक म्हणाले, ‘पुढची स्लाइड दाखवा.’ पीएचडी मिळाली. कुणाची अडते?

तिसरी लबाडी पकडायला जपानमधल्या होक्काइदो विद्यापीठाचे ओतानी बुन्शो लागले. दृश्य प्रकाशात काम करणाऱ्या पावडरीचा दावा निळ्या रंगावर तपासायचा, तर निळा रंग स्वतःच दृश्य प्रकाश शोषतो की! प्रकाश शोषलेला रंगाचा रेणू आपला इलेक्ट्रॉन टायटेनियमला देऊन टाकतो आणि स्वतःच मोडतो. पावडरीचा त्यात काहीच पराक्रम नाही. ग्रेटझेलच्या रंगद्रव्यवाल्या सौर घटात हेच तत्त्व मुद्दाम वापरलेलं आहे. ओतानींच्या गटानं वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश टाकून पाहिलं. गंधक मिसळलेली पावडर जो प्रकाश शोषतच नव्हती, पण मेथिलीन ब्लू शोषत होतं, त्या प्रकाशातही निळा उडत होता. २००६ मध्ये त्यांचा लेख आला, ‘मेथिलीन ब्लू हा योग्य पदार्थ आहे का’ अशा अर्थाचा. सगळ्यांनी वाचला, बहुतेकांनी संदर्भसूचीत घातला, आणि पुढचा प्रयोग पुन्हा मेथिलीन ब्लूवरच केला. २०१० मध्ये तर त्यावर आधारलेलं आयएसओ मानकही आलं. तेही अतिनील प्रकाशासाठी आहे, पण ही ओळ कोण वाचतो?

ऱ्होडामाइन बी घेतलं तर तमाशा रंगीत होतो. गुलाबी द्रावण हळूहळू नारिंगी छटेकडे, मग हिरवट पिवळ्या चमकेकडे सरकतं. रेणूच्या कडेचे इथिल गट एकेक करून गळतात आणि शोषण-पट्टा ५५४ वरून ५०० च्या खाली येतो. ५५४ वर डोळा लावून बसलेल्याला वाटतं, रंग संपला. मधली चौकट शाबूत असते. खरा हिशेब पाण्यात सेंद्रिय कार्बन किती उरला हे मोजल्यावर लागतो, आणि तो आलेख रंगाच्या आलेखामागे रखडत-रखडत उतरतो. ॲझो रंगांत तर मधला बंध तुटला की रंग लगेच जातो आणि मागे ॲरोमॅटिक अमाइन राहू शकतात. त्यांतले काही मूळ रंगापेक्षा घातक.

दिव्यांची कहाणी वेगळीच. परदेशी झेनॉन दिवा परवडत नाही, तेव्हा आपल्याकडच्या कित्येक प्रयोगशाळांनी रस्त्यावरच्या १२५ वॅटच्या पाऱ्याच्या दिव्यावर काम भागवलं. त्याचं बाहेरचं दुधी काचेचं कवच अतिनील अडवतं. ते फडक्यात गुंडाळून हातोडीनं अलगद फोडायचं आणि आतली क्वार्ट्झची नळी उघडी करायची. ही कला पिढ्यान्‌पिढ्या सीनियरकडून ज्युनियरकडे आली. कुठल्याही शोधनिबंधात ती ‘मध्यम दाबाचा पाऱ्याचा दिवा’ अशा सोज्ज्वळ शब्दांत येते. चष्मा न लावता त्याच्यापाशी वावरणाऱ्याला दिवसा काही कळत नाही. रात्री दोन वाजता डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होऊन तो उठतो. आता रस्त्यांवर एलईडी आले, ते दिवे मिळेनासे झाले, आणि पोरं नखांवरचं जेलपॉलिश वाळवायचे दिवे मागवू लागली आहेत. स्वस्त आहेत, तरंगलांबीही बरी आहे. पण शोधनिबंधात काय लिहायचं यावर चर्चा चालते.

ज्यांच्याकडे दिवाच नाही त्यांच्याकडे गच्ची असते. फेब्रुवारी ते मे, अकरा ते दोन. बीकर, बर्फाचा टब, ढवळायला माणूस. एक ढग आला की आलेखात पायरी पडते. उन्हाचा प्रयोग ‘पर्यावरणपूरक’ म्हणून शेवटच्या परिच्छेदात शोभून दिसतो, पण तो पुन्हा तसाच करून दाखवा म्हटलं की जुलै उजाडलेला असतो.

आणि पी२५. आधी डेगुसा आणि आता इव्होनिक या जर्मन कंपनीची ही ज्वाळेत बनवलेली टायटेनियमची पावडर म्हणजे या क्षेत्राची मोजपट्टी; ढोबळमानानं चार भाग ॲनाटेझ, एक भाग रूटाइल. प्रयोगशाळेत तिची डबी डेसिकेटरमध्ये जपून ठेवलेली असते. नवी पावडर बनवली की तिच्याशी तुलना करावी लागते, आणि इथेच फाटे फुटतात. महिनोन्‌महिने भट्टीपाशी बसून बनवलेली नॅनोरॉड, नॅनोफुलं, नॅनो-अर्चिन यांना ही डबीतली पांढरी भुकटी सहज मागे टाकते. मग तुलना पुरवणीत जाते, किंवा पी२५ ला दृश्य प्रकाशात उभं करतात, जिथे ती हरणारच. ओतानींनी तिलाही सोडलं नाही. २०१० मध्ये तिचे घटक वेगळे करून त्यांनी दाखवलं की तिच्यात अस्फटिकी भागही आहे आणि एकाच पाकिटातल्या दोन चिमटीही तंतोतंत सारख्या नसतात. मोजपट्टीच लांब-आखूड होते म्हटल्यावर काही दिवस सगळे गंभीर झाले होते.

आता इचलकरंजी. विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये तिथे पहिला यंत्रमाग बसवला तेव्हापासून गाव कापडाचं. सायझिंग, रंगाई, प्रोसेस हाउस, आणि शेजारून वाहणारी पंचगंगा. जवळच कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात स्प्रे पायरोलिसिसनं ऑक्साइडचे पातळ थर काचेवर चढवण्याची जुनी परंपरा आहे. भोसले, राजपुरे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी झिंक ऑक्साइड, टंगस्टन ऑक्साइड, टायटेनियमच्या थरांवर उन्हात रंग मोडण्याची कामं केली. थराला थोडं व्होल्टेज लावलं की इलेक्ट्रॉन बाजूला ओढला जातो, आणि मुख्य म्हणजे पावडर परत काढायचा प्रश्नच राहत नाही. माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे आताच्या आयसीटी या रसायन-तंत्रज्ञान संस्थेत, भाटखंडे आणि पांगारकरांनी एका डच सहकाऱ्याबरोबर २००२ मध्ये या विषयाचा जो आढावा लिहिला तो जगभर वाचला गेला. तिथेच पंडित आणि गोगटे कॅव्हिटेशननं, म्हणजे पाण्यात बुडबुडे फोडून, सांडपाणी साफ करण्यामागे लागले. आपल्याकडे या विषयाची जाण नाही असं कुणी म्हणू नये.

एका प्रोसेस हाउसमध्ये तिथल्या डायिंग मास्टरांशी बोलत होतो. आमच्या कुप्यांची गोष्ट त्यांनी शांतपणे ऐकली. मग म्हणाले, ‘सर, ही निळी आमच्यात कोण वापरतंय?’

बरोबर होतं. मेथिलीन ब्लू सुती कापडावर टिकत नाही. सुतासाठी रिॲक्टिव्ह रंग. ते धाग्याशी रासायनिक बंधानं जोडले जातात, पण सगळे नाही; पाचवा हिस्सा, कधी त्याच्या दुप्पट, पाण्याबरोबर निघून जातो. रंग धाग्याकडे ढकलायला मीठ लागतं, बंध जुळायला सोडा ॲश. ‘लिटरमागं पन्नास-साठ ग्रॅम मीठ टाकतोय आम्ही. तुम्ही किती टाकताय?’ आम्ही डिस्टिल्ड वॉटर वापरतो, हे सांगायला जीभ रेटेना. क्लोराइड आणि कार्बोनेट दोन्ही हायड्रॉक्सिल रॅडिकलला वाटेतच गाठून थंड करतात. पीएच दहा-अकरा. ऋणभारित रंगाला ऋणभारित पृष्ठभाग जवळही येऊ देत नाही, आणि पीएच आणखी चढला की झिंक ऑक्साइड हळूहळू स्वतःच विरघळायला लागतं. पाणी इतकं काळं की उजेड काही मिलिमीटरच्या खाली जात नाही. जैविक प्रक्रिया आणि गाळणं झाल्यावर शेवटचा उरलेला रंग घालवायला टायटेनियम ठीक. पहिल्या टाकीत त्याचं काम नाही. एवढं आम्हा दोघांचं जमलं.

रंग गेला की लोक समाधानी होतात, याचा अनुभव त्यांना आमच्यापेक्षा जास्त. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्याला कासाडी नदीच्या काठची भटकी कुत्री निळी झाली, फोटो जगभर फिरले, प्रदूषण मंडळानं एका कंपनीला टाळं ठोकलं. फेब्रुवारी २०२० मध्ये डोंबिवलीच्या एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला तेव्हा मुख्यमंत्री पाहायला गेले. ‘पाणी बिनरंगी असतं तर कोण आलं असतं?’ मास्टर म्हणाले. लिटरमध्ये एक मिलिग्रॅमपेक्षाही कमी रंग डोळ्याला दिसतो. त्याच पाण्यातलं बाकीचं काहीच दिसत नाही.

‘बरं, ही पावडर परत काढणार कशी? ईटीपीच्या गाळात गेली तर मंडळाच्या साहेबाला काय सांगू?’ मी काचेवरच्या थरांबद्दल सांगितलं, चुंबकानं ओढता येणाऱ्या, आत लोखंडाचं ऑक्साइड असलेल्या कणांबद्दल सांगितलं, जपानी टाइल्सचाही विषय निघाला. ‘आणि मिठाचं?’ मिठाला टायटेनियम काहीच करत नाही. त्याला आरओ लागतो, मग बाष्पीभवन. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं तिरुपूरची रंगाई बंद करायला लावल्यावर तिथल्या लोकांना तोच खर्चिक रस्ता धरावा लागला. मास्टरांना हे सगळं माहीत होतं; मला माहीत आहे का एवढंच त्यांना बघायचं होतं.

चहा संपला. उठता उठता त्यांनी विचारलं, ‘त्या संडासाच्या टाइल्स म्हणालात त्या आपल्याकडं मिळत्यात का? घराचं काम काढलंय.’